उत्क्रांतीचा धडा दहावीत एकटा सोडू नका : अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे,
तसेच बालभारतीच्या विज्ञान विषय समितीचे सन्माननीय सदस्य यांस

विषय : शालेय विज्ञानात उत्क्रांती व सजीवांचा उगम या घटकांचे स्थान

महोदय, महोदया,

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला अनुसरून राज्याचा नवा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीला लागू झाला असून पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलणार आहेत. माध्यमिक इयत्तांच्या विज्ञानाची पाळी येईल, तेव्हा उत्क्रांतीच्या धड्याचे काय करायचे हा प्रश्न आपल्या टेबलावर येणारच आहे. मी मुंबईतील एका अनुदानित मराठी शाळेत आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. निर्णय होऊन पुस्तके छापून आल्यावर तक्रार करण्यापेक्षा तो होण्याआधी चार गोष्टी आपल्या कानावर घालणे बरे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

धडा राहावा, ही मागणी आहेच. परंतु तो आज जसा आहे तसाच राहिला तरी माझे समाधान होणार नाही. उत्क्रांती हा दहावीतला एक धडा न राहता सहावीपासूनच्या जीवशास्त्राला धरून ठेवणारा धागा व्हावा आणि सजीवांच्या उगमाचा प्रश्न त्याच्यापासून वेगळा करून, तो अजून सुटायचा आहे हे सांगून शिकवला जावा, अशी माझी विनंती आहे.

धडा जाईल ही भीती उगाच वाटत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने कोरोनाच्या काळातील अभ्यासाचा भार कमी करण्याचे कारण देऊन २०२२ मध्ये दहावीच्या विज्ञानातील ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या प्रकरणाचा दुसरा अर्धा भाग काढला आणि २०२३-२४ च्या पुस्तकात त्याचे नावही नुसते ‘आनुवंशिकता’ उरले. डार्विनवरची चौकट, जीवाश्म, मानवाची उत्क्रांती, पृथ्वीवरील सजीवांचा उगम, हे सगळे त्यात गेले. देशातील १,८०० हून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढले. बारावीच्या जीवशास्त्रात हा विषय आहेच, असे त्यावरचे उत्तर होते. हे उत्तर वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाला पटणारे नाही. माझ्या वर्गातून बाहेर पडणारी बहुसंख्य मुले वाणिज्य, कला किंवा आयटीआयला जातात. त्यांच्या आयुष्यातले शेवटचे जीवशास्त्र दहावीचे असते आणि बारावीच्या पुस्तकात काय आहे याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नसतो. अमेरिकेत १९२५ साली टेनेसी राज्यात उत्क्रांती शिकवल्याबद्दल एका शिक्षकावर खटला भरला गेला आणि पुढची अनेक दशके हा वाद न्यायालयांत गाजत राहिला. आपल्याकडे वाद घालायचीही गरज पडली नाही, कपातीच्या यादीत एक नोंद पुरली.

त्या मानाने बालभारतीचे काम चांगले आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’ या पुस्तकाचा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. शिवाय पाचवीच्या परिसर अभ्यासात ‘उत्क्रांती’ नावाचा स्वतंत्र पाठ आहे, सातवीत सजीवांचे अनुकूलन आहे, आठवीत वर्गीकरण आहे, नववीत आनुवंशिकता आहे. सामान सगळे घरात आहे, ते एका खोलीत नाही. पाचवीचा पाठ इतिहासाच्या भागात येतो, त्यामुळे तो अश्मयुगाची प्रस्तावना म्हणून उरकला जातो आणि विज्ञानाच्या शिक्षकाला तो मुलांनी वाचला आहे याची गंधवार्ताही नसते. सातवीत वाळवंटातील उंट आणि पाण्यातील कमळ भेटतात. त्यांची रचना परिस्थितीला साजेशी आहे हे मुले पाठ करतात, पण ती साजेशी कशी झाली याला मिळणारी जागा फार थोडी आहे. मग दहावीत, बोर्डाच्या वर्षी, जून महिन्यात आठ-दहा तासिकांत डीएनए, प्रथिनांची निर्मिती, उत्परिवर्तन, उत्क्रांतीचे पुरावे, डार्विन, लॅमार्क आणि मानवाची वाटचाल हे सारे एकदम अंगावर येते. त्यातून मुलांच्या लक्षात राहतो तो लॅमार्कचा जिराफ. झाडाचा पाला खाण्यासाठी मान ताणली म्हणून ती लांब झाली, हे ऐकायला सोपे आणि मनाला पटणारे असते. लॅमार्कचे हे मत पुढे टिकले नाही हे त्याच पानावर लिहिलेले असूनही सहामाहीच्या पेपरात डार्विनच्या नावाखाली हाच जिराफ परत येतो.

डार्विनचे म्हणणे तेरा वर्षांच्या मुलाला समजत नाही, हे मला मान्य नाही. ते समजण्यासाठी लागणारे उदाहरण मुंबईत दुर्दैवाने घरोघरी आहे. गोवंडी, धारावी, शिवडी या भागांतून येणाऱ्या मुलांना क्षयरोग हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. घरात नाहीतर शेजारी कोणी तरी सहा महिने गोळ्या घेतलेले असते. सुरुवातीला चार-चार औषधे एकदम का देतात, हा प्रश्न मी आठवीच्या सूक्ष्मजीवांच्या धड्यात विचारते आणि तिथेच नैसर्गिक निवड शिकवते. क्षयाने फुप्फुसात पाडलेल्या एका पोकळीत दहा कोटींच्या घरात जंतू असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला जुमानणार नाही असा बदल साधारणपणे दहा लाख जंतूंत एकामध्ये आपोआप झालेला असतो. म्हणजे औषधाची पहिली गोळी पोटात जाण्याआधीच शंभरेक जंतू त्या औषधाला दाद न देणारे असतात. औषधाने त्यांना तसे केलेले नसते. औषध फक्त बाकीच्यांना मारते आणि मैदान या शंभरांना मोकळे करून देते. रिफॅम्पिसिन या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत असा बदल साधारण दहा कोटींत एकामध्ये असतो. एकाच जंतूत दोन्ही बदल एकदम असण्याची शक्यता काढायची तर दोन्ही आकड्यांचा गुणाकार करावा लागतो आणि उत्तर येते एकावर चौदा शून्ये इतक्यांत एक. इतके जंतू कोणाच्याही शरीरात नसतात. औषधे एकत्र देण्यामागचे गणित ते एवढेच आहे.

फळ्यावर हा गुणाकार पुरा झाला की मग औषधे चुकतमाकत घेतली, त्यातले एकच घेतले किंवा बरे वाटले म्हणून मध्येच सोडली तर काय होईल, हे मुले स्वतःच सांगतात. जंतूंमध्ये फरक आधीपासून असतो, तो पुढच्या पिढीत उतरतो, परिस्थिती त्यातल्या काहींना वाचवते आणि त्यांची संख्या वाढते. डार्विनने १८५९ साली मांडलेल्या नैसर्गिक निवडीचा गाभा यात आला, आणि मान ताणणाऱ्या जिराफाला त्यात कुठे जागा नाही हेही मुलांना तिथल्या तिथे दिसते. चाचणी केलेल्या एकाही औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रुग्ण याच शहरातील डॉक्टरांना सापडले आणि २०१२ च्या जानेवारीत त्याची जगभर चर्चा झाली. ज्या शहरात उत्क्रांती रुग्णालयाच्या वॉर्डात दिसते, तिथे ती शिकवणे हा अभ्यासाचा भार कसा ठरतो, हे मला कोणी तरी समजावून सांगावे.

दुसरा आक्षेप नेहमीचा आहे आणि तो मुलांकडून येतो तेव्हा मला आवडतो. “बाई, पण हे कोणी बघितलंय का?” असे दरवर्षी कोणी तरी विचारतेच. हाच आक्षेप २०१८ च्या जानेवारीत औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तत्कालीन केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी घेतला होता. माकडाचा माणूस होताना कोणी पाहिले नाही, डार्विनचा सिद्धांत चुकीचा आहे आणि शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदल झाला पाहिजे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी त्यानंतर संयुक्त पत्रक काढून हे म्हणणे निराधार असल्याचे सांगितले. माननीय मंत्री त्यापूर्वी मुंबईचे पोलीस आयुक्त होते, याचे मला आजही नवल वाटते. साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही, असे कोणत्याही पोलीस ठाण्यात मानले जात नाही. बोटांचे ठसे, रक्ताचा डाग, कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जुळवलेला डीएनए, यांवरून न्यायालये निकाल देतात. मूल कोणाचे हे ज्या तत्त्वावर तपासले जाते, त्याच तत्त्वावर माणूस आणि चिंपांझी यांचे नाते तपासले गेले आहे. या दोघांचा सामायिक पूर्वज साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वीचा. आजच्या माकडांपासून माणूस झाला असे कोणत्याही जीवशास्त्रज्ञाचे म्हणणे नाही. त्यामुळे आजची माकडे माणूस का होत नाहीत, हा प्रश्न माझा चुलतभाऊ ‘मी’ का होत नाही, इतकाच अर्थपूर्ण आहे.

पुरावे दूरदेशीचे असले पाहिजेत, ही आपल्या पुस्तकांची जुनी खोड आहे. सरड्यासारखा आणि पक्ष्यासारखाही दिसणारा आर्किऑप्टेरिक्सचा जीवाश्म जर्मनीतला, अंडी घालणारा सस्तन प्राणी प्लॅटिपस ऑस्ट्रेलियातला, डार्विनच्या फिंच गॅलापागोसच्या. मुलांना वाटते की उत्क्रांती परदेशात झाली. वास्तविक आपण राहतो त्या शहराच्या पोटात पुरावा आहे. वरळीच्या टेकडीत बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाच्या, दोन थरांमध्ये गाळाचा खडक आहे आणि त्यात लहानशा बेडकांचे जीवाश्म सापडले. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणजे डार्विनच्या ग्रंथाच्या बारा वर्षे आधी. पुढे हेच ओवेन डार्विनचे कडवे विरोधक झाले. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. लाव्हाचे लोट थांबले असताना मधल्या काळात तळी साचली, त्यांत बेडूक आणि कासवे राहिली आणि पुन्हा लाव्हा येऊन सारे झाकले गेले. हे घडले सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. अंधेरीची गिल्बर्ट हिल ही त्याच काळातल्या लाव्हाची खूण आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनोसॉरची अश्मीभूत विष्ठा मिळाली आणि तिच्यात गवताचे सूक्ष्म अंश सापडल्यामुळे गवताचा इतिहास डायनोसॉरांच्या काळापर्यंत मागे गेला. हे संशोधन २००५ सालचे आहे. कच्छमध्ये देवमाशांच्या पाय असलेल्या पूर्वजांची हाडे मिळाली आहेत. यातले किमान एक उदाहरण चित्रासह धड्यात असावे, आणि माझे मत विचाराल तर ते वरळीचे बेडूक असावेत.

त्या बेडकांमुळे आणखी एक घोटाळा सुटेल. दहावीच्या धड्यात जीवाश्मांच्या पुराव्याशेजारी कार्बन वयमापन येत असल्याने जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी डायनोसॉरचे वय कार्बनने काढतो. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षांचा आहे आणि सुमारे पन्नास हजार वर्षांपलीकडे त्याचा उपयोग होत नाही. वरळीच्या बेडकाचे वय खालच्या-वरच्या लाव्हाच्या वयावरून ठरते आणि लाव्हाचे वय त्यातील पोटॅशियमचे आरगॉनमध्ये किती रूपांतर झाले यावरून. हे दोन वाक्यांत लिहिता येते. नाही लिहिले, तर पुढे कोणी तरी चलाख माणूस “कार्बनने कोटी वर्षे मोजताच येत नाहीत, म्हणजे सगळेच खोटे” असे व्हॉट्सअॅपवर सिद्ध करून दाखवतो, आणि आमचा माजी विद्यार्थी ते पुढे पाठवतो.

आता सजीवांच्या उगमाविषयी. उत्क्रांती झाली याबद्दल विज्ञानात वाद उरलेला नाही, ती कोणत्या मार्गांनी आणि कोणत्या वेगाने झाली याच्या तपशिलावर काम चालू आहे. पहिला सजीव कसा घडला, हे मात्र अजून कोणालाही निश्चित सांगता आलेले नाही. या दोन गोष्टींचा दर्जा वेगळा आहे, आणि त्या एका दमात सांगितल्या की दोन्हींचे नुकसान होते. उगमाबद्दलची शंका उत्क्रांतीच्या खात्यावर चढते आणि उत्क्रांतीची खात्री उगमाच्या अंदाजाला उगाच मिळते. मुलांना हे सरळ सांगावे. पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची आहे आणि सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळतात. १९२० च्या दशकात रशियाच्या ओपारिन यांनी आणि इंग्लंडच्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी स्वतंत्रपणे अशी कल्पना मांडली की आदिम समुद्रात साध्या रेणूंपासून गुंतागुंतीचे रेणू तयार झाले असावेत. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले, हे किती मुलांना माहीत आहे? १९५३ मध्ये स्टॅन्ली मिलर यांनी मिथेन, अमोनिया, हायड्रोजन व पाण्याची वाफ यांच्या मिश्रणात विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने ज्यांची बनतात ते रेणू, मिळवली. आदिम वातावरण तसेच होते का, यावर नंतर शंका घेतल्या गेल्या. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केतही अमिनो आम्ले सापडली. आरएनए हा डीएनएचा भाऊबंद असलेला रेणू माहिती साठवण्याबरोबरच विकरासारखे, म्हणजे रासायनिक क्रियांना वेग देण्याचे, कामही करू शकतो, या शोधाला १९८९ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि सुरुवात आरएनएपासून झाली असावी या कल्पनेला बळ आले. अमिनो आम्ले म्हणजे सजीव नव्हे, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे. दहावीच्या पुस्तकात ज्याचे उत्तर अजून मिळालेले नाही असा एक तरी प्रश्न असावा, असे मला फार वाटते. सध्याच्या पुस्तकात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर धड्यातल्याच कुठल्या तरी वाक्यात असते आणि मुलांना विज्ञान तेवढेच वाटते.

धार्मिक भावनांचा मुद्दा कमिटीच्या बैठकीत कोणी तरी काढेल, म्हणून त्याविषयी थोडे. माझ्या वर्गात हिंदू, बौद्ध, मुस्लिम आणि ख्रिस्ती मुले एका बाकावर बसतात. या धड्यावरून एकाही पालकाने कधी शाळेत येऊन तक्रार केल्याचे मला आठवत नाही. दशावतार म्हणजेच उत्क्रांती, असे मात्र पालकही सांगतात आणि कधी कधी सहकारीही. मासा, कासव, वराह या क्रमाचे कौतुक मलाही आहे, कोकणातले दशावतारी खेळ पाहत मी लहानाची मोठी झाले. पण मत्स्यापासून कूर्म जन्मला असे ती कथा कुठेच म्हणत नाही. तिथे एकच देव वेगवेगळी रूपे घेतो. उत्क्रांतीत वंश पुढे सरकतो. दोन्ही एकच म्हटले की कथाही बिघडते आणि विज्ञानही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांतीचा सिद्धांत केवळ गृहीतक राहिलेला नाही असे म्हटले होते, तेव्हा श्रद्धेच्या नावाने हा धडा वगळणे ही श्रद्धाळूंची गरज नसून प्रशासनाची धास्ती आहे. घटनेच्या कलम ५१ क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोनाची जोपासना हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून १९७६ पासून लिहिलेले आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर आपणच ते छापता.

यातून आपल्याकडे माझे मागणे असे आहे. सातवीच्या अनुकूलनाच्या धड्यातच विविधता, आनुवंशिकता आणि निवड या तीन पायऱ्या गणिताच्या एका सोप्या उदाहरणाने याव्यात. आठवीच्या वर्गीकरणाचे तक्ते पाठ करून घेण्याऐवजी ते वंशवृक्ष म्हणून दाखवावेत, म्हणजे देवमासा माशांत का बसत नाही याचे कारण मुलांना आपसूक कळेल. दहावीत पुरावे आणि मानवाची उत्क्रांती सविस्तर यावी, आणि सजीवांच्या उगमाला त्यानंतर स्वतंत्र दोन पाने मिळावीत. वरळी किंवा पिसदुरा पुस्तकात यावे, आणि असाच जवळचा पुरावा दाखवायला शिक्षकांना मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेतही जाता यावे. तिथल्या पेंग्विनच्या पंखातली हाडे आणि आपल्या हातातली हाडे एकाच आराखड्याची आहेत, हे काचेपलीकडच्या पक्ष्याकडे बोट दाखवून सांगितलेले वेगळे आणि फळ्यावर काढलेले वेगळे.

प्रश्नपत्रिका बदलल्याशिवाय यातले काहीही वर्गात उतरणार नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. विज्ञान भाग २ च्या चाळीस गुणांच्या लेखी परीक्षेत ‘अवशेषांगांची नावे लिहा’, म्हणजे शरीरात उरलेल्या पण आता फारशा उपयोगात नसलेल्या अवयवांची नावे लिहा, असे विचारले, की मुले आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ असे लिहून मोकळी होतात, आणि आम्ही शिक्षकही तेवढेच करून घेतो. त्याऐवजी एखाद्या वस्तीत डासांवर एकच कीटकनाशक पाच वर्षे वापरले तर काय होईल आणि का, असा एक प्रश्न तीन गुणांना आला, तर पुढच्याच वर्षी राज्यभरातले क्लासही नैसर्गिक निवड शिकवू लागतील. तसेच, माध्यमिक विज्ञानाचा मसुदा तयार होईल तेव्हा तो शिक्षकांसाठी जाहीर करून हरकतींसाठी निदान दोन महिने द्यावेत, आणि ते एप्रिल-मे मध्ये नसावेत, कारण त्या काळात आम्ही उत्तरपत्रिका तपासत असतो. एखादा घटक वगळायचाच असेल, तर तो कोणी, कोणत्या बैठकीत आणि कोणत्या कारणासाठी वगळला, याची नोंद मसुद्याबरोबर प्रसिद्ध व्हावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक विज्ञान शिक्षिका, मुंबई